घंटी किती लांब गेली

अक्षदा दारात आली ती दोन्ही कानांवर ओले हात ठेवूनच. पाच दिवसांनी नळाला पाणी आलं होतं, सकाळचे नऊ वाजले होते आणि घरातलं एकूण एक भांडं, पार दुधाच्या पातेल्यापर्यंत, भरायला लागलं होतं. अशा वेळी हातातली नळी टाकून कोणी जिना चढत नाही. आदिनाथनं गाणं थांबवलं.

“अहो, ती घंटी बंद करा ना जरा. खाली मोरीपर्यंत येतीय. सुई घातल्यावानी टोचतीय कानात.”

“कुठली घंटी?” त्यानं विचारलं.

अक्षदा नवऱ्याकडे बघत राहिली. “कुठली म्हंजे? आबांची. तुम्हाला येत नाय का ऐकू?”

“येती की,” तो म्हणाला. “कमी करतो.”

खाली बादली भरून पाणी फरशीवर सांडायला लागलं तशी ती धावत गेली. दुष्काळाच्या दिवसांत नवऱ्याचं खोटं पकडायलासुद्धा बाईला सवड नसते. आदिनाथ मात्र खुर्चीत होता तसाच बसून राहिला.

खोटं इतकं सहज तोंडातून गेलं की त्याचं त्यालाच नवल वाटलं. कारण गेले दोन महिने त्याची तक्रार नेमकी उलटी होती. घंटी ऐकूच येत नाही, ही. पाच-सहा मिनिटांचं गाणं, त्यात एकही शब्द नाही. डावी-उजवीकडं दोन खरखरीत गिटारी, खाली बेस, लॅपटॉपमधले ड्रम, आणि या सगळ्याच्या वर त्याच्या वडिलांच्या म्होरक्या बोकडाच्या गळ्यातली पितळी घंटी. हे सगळं त्यानं वरच्या या दहा बाय दहाच्या खोलीत रेकॉर्ड केलेलं, दीड वर्ष, कंपनीला सुट्टी सापडेल तसं. आता फक्त मिक्सिंग राहिलं होतं, म्हणजे कुणी किती मोठ्यानं बोलायचं, कुणी पुढं यायचं, कुणी मागं सरायचं ते ठरवायचं. प्रत्येक वाद्याची पडद्यावर एक पट्टी. वर सरकवली की आवाज वाढतो, खाली आणली की कमी. घंटीची पट्टी तो दर सुट्टीला थोडी थोडी वर नेत आला होता. तरी त्याला त्यातून नुसतं ठक् ठक् यायचं, कोरडं, लाकडी. ठोक्यानंतरची लांब किणकिण, जिच्यासाठी ती घंटी गाण्यात घातली, ती कुठं गिटारीखाली गडप व्हायची कोण जाणे. त्यानं आधी माईकला दोष दिला, मग स्पीकरला, मग खोलीला. सिमेंटच्या भिंती, आवाज घुमतो, म्हणून आबांची काळी घोंगडी ट्रंकेतून काढून समोरच्या भिंतीला खिळ्यांनी ठोकली, तेव्हा त्याची आई म्हाळसाबाई दोन दिवस त्याच्याशी बोलली नव्हती. बेस वाजवणारा गोकुळ नोकरीसाठी पुण्याला गेलेला, त्यानं फोनवर चाचरत सांगितलं होतं, “यार, वो घंटी थोडी जास्तीच होरी.” त्यावर आदिनाथ मनात म्हणाला होता, याला पुण्याचं पाणी लागलं. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण शाळेत असताना सुंदर अक्षरात फळ्यावर लिहून त्यानं गुरुजींची शाबासकी मिळवली होती.

त्यानं बाकीचं सगळं बंद केलं आणि नुसती घंटी लावली. ठक्. ठक्. पडद्यावर आवाजाचा आलेख उमटत होता, डावीकडं जाड आवाज, उजवीकडं बारीक. जिथं चार हजारचा आकडा लिहिलेला, तिथं प्रत्येक ठोक्याला एक सुळका उठायचा आणि बराच वेळ उभा राहून सावकाश विरायचा. इतक्या दिवसांत त्यानं तो पाहिला नव्हता असं नाही. कानाला विचारायचं सोडून पडद्याला कशाला विचारायचं, असा त्याचा तोरा होता. आता तो बघत राहिला. ठोका, सुळका. ठोका, सुळका. डोळ्यांना दिसत होतं आणि कानाला तिथं काहीच नव्हतं. खाली अक्षदा घागरी हलवत होती, गल्लीत कुणाची तरी मोटर घरघरत होती, वर पंखा फिरत होता. हे सगळं ऐकू येत होतं. म्हणजे बहिरा म्हणावं असं काही नाही. जगातला एवढाच एक तुकडा कुणीतरी कात्रीनं कापून नेला होता.

कान ही त्यांच्या घराची इस्टेट होती. देवगाव रंगारीच्या शिवारात भावकीकडे जमिनी होत्या, विहिरी होत्या, आदिनाथच्या वडिलांकडे, मुंजाबाकडे, सत्तर-ऐंशी मेंढरं होती आणि कान होते. पहाटे वाघर, म्हणजे मेंढरांभोवतीचं जाळं, सोडायच्या आधी मुंजाबा आडवा पडूनच ऐकायचा आणि सांगायचा, “आवाज उणा हाये. बघा, एक कमी भरंल.” मोजल्यावर एक कमी भरायचीच. आदिनाथ सात-आठ वर्षांचा असताना जत्रेत घंटी घेतली तो दिवस त्याला लख्ख आठवत होता. दुकानदारानं पोत्यावर घंट्या मांडलेल्या. आबांनी तीन निवडल्या आणि पारखायला मागून घेतल्या. त्यांच्यात पारखायची रीत होती. आई एक घंटी हातात घेऊन ती हलवत बांधाबांधानं लांब चालत जायची. आबा डोळे मिटून, उजवा हात वर करून उभे राहायचे. घंटी ऐकू येते तोवर हात वर. आवाज संपला की हात खाली. जिच्यासाठी हात सगळ्यात जास्त वेळ वर राहील ती घ्यायची, मग ती दिसायला कशी का असेना. त्या दिवशी आदिनाथही शेजारी हात वर करून उभा राहिला होता. आबांचा हात खाली आला तरी याचा वरच. आबांनी वळून पाहिलं तर पोराचे डोळे उघडे. बांधावरच्या आईचा हलणारा हात बघून हा घंटी ‘ऐकत’ होता. आबांनी पाठीत एक हलकी थाप घातली होती. “डोळ्यानं ऐकतो काय रं?” मग त्यानं डोळे घट्ट मिटले. आणि काय सांगावं, मिटल्यावरही त्याचा हात आबांपेक्षा दहा पावलं उशिरा खाली आला. आबा हसले, दुकानदाराला म्हणाले, “माज्या पोराचा कान बघा.” पुढं डिप्लोमा झाला, वसतिगृहात कुणाच्या तरी मोबाइलवर ती किंचाळणारी गिटार पहिल्यांदा ऐकून रात्रभर झोप आली नाही, पैठण गेटच्या दुकानातून जुनी गिटार आणली, सगळं सगळं त्या एका वाक्याच्या जिवावर.

आणि तो कान त्यानं कुठं घालवला? शेंद्र्याच्या कारखान्यात, पत्रा कापायच्या प्रेसवर, स्वतःच्या हातानं. कंपनीनं पिवळे बोळे दिले होते कानात घालायला. बाकीचे मुकाट्यानं घालायचे. आदिनाथ काढून खिशात ठेवायचा, कारण बोळे घातले की मशीनचं बोलणं कळायचं नाही. पंच, म्हणजे पत्रा कापणारा दट्ट्या, बोथट व्हायला लागला की ठोका किंचित बसका येतो. कुणाला कळत नाही, याला कळायचं. पत्र्याच्या कडा खरबरीत यायच्या दोन तास आधी हा हात वर करायचा, मशीन थांबवा. दरवेळी पंच काढून बघितला की बोथट निघायचा. सुपरवायझर पाहुण्यांना दाखवायचा, “इसका कान देखो, मशीन से तेज है.” आदिनाथ मान खाली घालून हसायचा, पण आतून फुलायचा. मेंढरांतला उणा आवाज ओळखणाऱ्याचा पोरगा पत्र्यातला उणा आवाज ओळखतो, यात केवढी शान वाटायची त्याला! गाण्यातली ती लंगडणारी लय, दोन ठोके वेळेवर आणि तिसरा जरा उशिरा, तीसुद्धा त्याच प्रेसनं दिलेली. नऊ वर्षं. प्रेस देत होती तेवढंच त्यानं मोजलं होतं. बोळे घालणाऱ्यांचे कान शाबूत राहिले आणि ज्याला कानाचा अभिमान होता त्याचाच गेला.

मार्चमध्ये कंपनीत कान तपासणारी गाडी आली होती. काचेची केबिन, कानांवर हेडफोन, आवाज आला की बोट वर करायचं. पहिले दोन-तीन आवाज आले. मग शांतता. त्या शांततेत आदिनाथला समोरच्या काचेत तपासनिसाचं प्रतिबिंब दिसलं. बटण दाबताना त्याचं कोपर जरासं हलायचं. कोपर हललं की आदिनाथ बोट वर करायचा. कागदावर आलं, सर्व ठीक. बाहेर येऊन त्यानं चहा घेतला, आणि खरं सांगायचं तर, चहा संपेपर्यंत आपण फसवलं हे तो विसरूनही गेला होता. माणूस दुसऱ्याशी खोटं बोलला तर निदान लक्षात ठेवतो. आता या खुर्चीत बसल्यावर त्याला ते कोपर दिसलं, आणि पाठीत ती हलकी थापही जाणवली, पंचवीस वर्षांपूर्वीची.

त्यानं घंटीच्या ट्रॅकवर बाण नेला. काढून टाकता येईल. गिटारी तर त्याला नीट ऐकू येतात. घंटी नसलेलं गाणंही कुणाला आवडायचं असेल तर आवडेल, आणि कुणाला काही सांगावं लागणार नाही. एक बटण. पण शेवटचं काय करायचं? शेवटी सगळी वाद्यं एकदम थांबत होती आणि नुसती घंटी उरत होती, लांब लांब जाणारी. ती आबांनी वाजवलेली होती. तेरा सालच्या दुष्काळात चारा मिळेना, पाणी मिळेना, तेव्हा मेंढरं विकली. ट्रकमध्ये चढवायच्या आधी आबांनी म्होरक्याच्या गळ्यातली घंटी तेवढी सोडून घेतली. मग ते करमाडजवळ एका नव्या इमारतीवर वॉचमन झाले, आणि पुढच्या वर्षी दिवाळीला इथं आले. या खोलीतलं सगळं सामान त्यांनी हात न लावता बघितलं, माईकसमोर बसले आणि म्हणाले, “बघू तुज्या मशिनीचा कान.” जुनीच रीत. खिडकी उघडी ठेवून माईक खिडकीत लावला, आदिनाथ हेडफोन घालून डोळे मिटून बसला, आणि आबा घंटी हलवत जिना उतरले, फाटकाबाहेर पडले, समोरच्या मोकळ्या प्लॉटांकडे चालत गेले. हे लेआउट पडायच्या आधी त्या जागी कुणाची शेती होती आणि खतासाठी आबांची मेंढरं तिथं बसायला यायची. कुठं काय होतं ते त्यांना पाठ होतं. परत आल्यावर धापा टाकत त्यांनी विचारलं, “कुठवर आलं ऐकू?”

“फाटकापर्यंत.”

“बस? म्या तर पार त्या लिंबापातूर गेलतो.”

“माईक साधा आहे आबा,” आदिनाथ म्हणाला होता.

आबांनी मशीनकडं बघितलं नव्हतं. त्यांनी याच्या कानाकडं बघितलं होतं, क्षणभरच, आणि घंटी टेबलावर ठेवून ते खाली चहा प्यायला गेले. पुढं फाल्गुनात ते वारले. ते बघणं आज इतक्या दिवसांनी आदिनाथच्या अंगावर आलं. त्यांना कळलं होतं. त्या माणसाला आवाज उणा आहे हे झोपल्या जागी कळायचं, ते समोर बसलेल्या पोरात कळणार नाही होय? आदिनाथला रडू आलं नाही, लाज वाटली. लहानपणी पकडला गेला तेव्हा वाटली होती तशीच, उघड्या डोळ्यांची. त्यानं बटणावरून हात काढला आणि जिन्याच्या तोंडाशी जाऊन हाक मारली.

“आई, वर ये जरा.”

म्हाळसाबाई पदराला हात पुसत, गुडघ्यावर हात टेकत वर आल्या. “खडीमशीन थांबलं व्हय तुजं?” त्या म्हणाल्या. या गाण्याला त्यांनी पहिल्या दिवसापासून खडीमशीनच म्हटलं होतं. मग त्यांनी लेकाचं तोंड बघितलं आणि घोंगडीखाली भिंतीला टेकून खाली बसल्या.

“आई, मला आबांची घंटी ऐकू येत नाय.”

बोलून झालं. खोलीत काही पडलं नाही, मोडलं नाही. पंखा फिरतच होता.

“ठावं हाये,” म्हाळसाबाई म्हणाल्या. “तुजं आबा बोल्ले होते. दिवाळीलाच. म्हनले, पोराचा कान चाललाय. म्या म्हनलं, सांगा की मग त्याला. तर म्हनले, कसं सांगू, म्याच त्याला तोरा चढवला.” त्या थोडं थांबल्या. “आन तू ती घोंगडी ठोकली भिताडाला. म्या म्हनलं, कान गेला तर गेला, अक्कल पन गेली.”

आदिनाथला हसू आलं. त्यानं गाणं सुरुवातीपासून लावलं. “आता तू ऐक. गिटारीकडं बघू नको, खडीमशीन म्हण. घंटी कुठं आहे तेवढं सांग मला.”

गाणं सुरू झालं. म्हाळसाबाईंनी कपाळाला आठ्या घातल्या, मग डोळे मिटले. “अंगावर आलीय. बोकड मांडीवर बसल्यावानी. लांब ने.” त्यानं पट्टी खाली ओढली. “अजून. अजून की. आता दारात हाये.” तो ओढत राहिला. त्याच्या कानातलं ठक् ठक् बारीक झालं, मग गिटारीत बुडालं. “आता वसरीत. आजून जरा.” आता त्याला काहीच येत नव्हतं. बोटाखाली पट्टी होती आणि तिच्या दुसऱ्या टोकाला काय आहे ते आईला माहीत होतं. आंधळ्यानं काठीचं टोक दुसऱ्याच्या हातात द्यावं तसं त्यानं ते दिलं. “हां, थांब,” म्हाळसाबाई म्हणाल्या. “आता बरुबर. म्होरक्या म्होरं चाललाय, ही तुजी समदी मेंढरं मागून धडपडत येतेत. आता काय बी बोचत नाय.” त्या जरा ऐकत राहिल्या आणि काहीशा नवलानं म्हणाल्या, “ग्वाड लागतंय की रं.”

ज्या गाण्यासाठी त्यानं दीड वर्ष घातलं ते आता बरोबर झालं होतं, आणि बरोबर झालेलं ते त्याला कधीच ऐकू येणार नव्हतं. दुःख झालं. ते त्यानं होऊ दिलं. पुढच्या महिन्यात दवाखान्यात जायचं, पडदा ओढून, पाठ करून बसायचं, काय निघेल ते निघेल. प्रेसवर बोळे घालायचे. पण ते पुढचं. आत्ता पाचव्या मिनिटाला गिटारी थांबल्या आणि त्याच्यापुरती खोली गप्प झाली.

म्हाळसाबाईंनी न सांगताच उजवा हात वर केला. डोळे मिटलेलेच. हातावरचा पदर कोपरापर्यंत घसरला. “जिना उतरायले,” त्या पुटपुटल्या. “आता अंगनात. फाटक.” आणि एकदम हात खाली टाकून त्यांनी डोळे उघडले. “हे काय? तोडलं व्हय?”

“संपलं आई. तिथपर्यंतच आहे.”

“आसं कसं संपल? मानूस चालायलाय आन मदीच गप? फाटकापुडं गेलतेच की ते. म्या खालच्या दारातून बघत हुते.”

आदिनाथ पडद्याकडे वळला. दीड वर्षापूर्वी, जिथं त्याच्या कानाला आवाज संपला तिथं, पुढं काही नाही असं समजून त्यानंच तो ट्रॅक कापला होता. पण या मशीनमध्ये कापलेलं मरत नाही, घडी घालून आत दडवलेलं असतं. त्यानं कापलेली कड बाणानं धरली आणि उजवीकडं ओढली. बारीक बारीक ठिपक्यांची ओळ उलगडत गेली, दहा सेकंद, वीस, चाळीस. मशिनीचा कान चांगला होता. आबांची परीक्षा ती पास झाली होती आणि यानं तिचा कागद फाडून ठेवला होता.

“पुन्हा हात वर कर,” तो म्हणाला.

खालचा नळ थांबला होता. अक्षदा जिन्यात येऊन उभी राहिली. गिटारी थांबल्या. म्हाळसाबाईंचा हात वर गेला. जिना, अंगण, फाटक; हात वरच. पडद्यावर ठिपके सरकत होते, पण आदिनाथनं पडद्याकडं पाठ केली आणि आईच्या त्या हाताकडं बघत बसला. सुरकुतलेला, अजून ओलसर हात. आता रस्ता ओलांडला असेल. आता ज्या प्लॉटवर खोदकाम चाललंय तिथं. आता मेंढरं बसायची ती जागा. डोळ्यानं ऐकतो काय रं?

“व्हय आबा,” तो म्हणाला, मोठ्यानं.

अक्षदानं त्याच्याकडं पाहिलं. म्हाळसाबाईंनी डोळे उघडले नाहीत, मान मात्र थोडी कलती केली, लांबचं ऐकताना करतात तशी. मग हात सावकाश खाली आला आणि मांडीवर टेकला.

“लिंबापाशी गेले,” त्या म्हणाल्या.

आदिनाथनं गाणं तिथं संपवलं.